खुर्द्याची गणती : मराठीतील युद्धविरोधी कवितेच्या प्रतिमांविषयी

युद्धविरोधी कवितेविषयी बोलताना आपली समीक्षा बहुधा विरोधापाशी येऊन थांबते. एका बाजूस फूल, दुसऱ्या बाजूस संगीन. इकडे पाळणा, तिकडे तोफ. आणि या दोहोंच्या सान्निध्यातून निर्माण होणारा ताण हाच कवितेचा परिणाम, असे या विवेचनाचे स्वरूप असते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडल्यापासून या विवेचनास मराठीत एक सैद्धांतिक अधिष्ठानही लाभले आहे. ते चुकीचे आहे असे नव्हे. ते अपुरे आहे. कारण विरोधाचा वापर युद्धकाव्यही तितक्याच कौशल्याने करीत असते. पोवाड्याची तर उभारणीच विरोधावर असते : तिकडचा अफाट फौजफाटा आणि इकडची मूठभर माणसे, तिकडचा कपटी आणि इकडचा सावध. विरोध हे युद्धविरोधी कवितेचे व्यवच्छेदक लक्षण असेल तर पोवाडाही युद्धविरोधी मानावा लागेल. तेव्हा प्रश्न विरोध आहे की नाही हा नसून, तो कोणत्या दोन गोष्टींमध्ये कल्पिला आहे आणि त्यामुळे कोणाची किंमत ठरते, हा आहे.

किंमत हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झालेल्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत कळली, ही हकीकत मराठी घरातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. मोती गळाले, मोहोरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर मोजदादच नाही, असा तिचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहोरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खुर्दा म्हणजे उरलेले सगळे. या निरोपाच्या काव्यात्मतेचे कौतुक आपण अनेक पिढ्या करीत आलो. शोकाला इतके संयत रूप देणारी दुसरी प्रतिमा मराठी गद्यात क्वचितच सापडेल, हे मान्यच करावे लागते. परंतु प्रतिमा जितकी नेमकी तितकी ती आपली मूल्यव्यवस्था अधिक उघड करते. मोती मोजले जातात, मोहोरा मोजल्या जातात. खुर्दा मोजला जात नाही. तो अगणित असतो म्हणून नव्हे, तर मोजण्याच्या लायकीचा नसतो म्हणून. भाषेनेही हा हिशेब मुकाट्याने स्वीकारलेला दिसतो. फौजेचा पुरता मोड झाला की आपण अजूनही ‘खुर्दा उडाला’ असेच म्हणतो.

युद्धविरोधी कविता या खुर्द्याच्या गणतीपासून सुरू होते, असे मला वाटते. पुढील विवेचन या एका सूत्राचे आहे, आणि त्याचे बरेचसे पुरावे नागपूरच्या आसपास सापडतात, हा केवळ योगायोग नव्हे.

पहिला पुरावा मात्र मराठीत नाही. तो बंगालीत आहे, आणि त्यातील आक्रमक नागपूरचा आहे. १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांच्या वतीने भास्करराम कोल्हटकर यांनी बंगालवर स्वारी केली. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भेटीच्या निमित्ताने बोलावून त्यांचा घात केला. १७५१ च्या तहापर्यंत हे प्रकरण चालू राहिले. आमच्या इतिहासग्रंथांतून याची नोंद चौथाई, ओरिसावरील अंमल आणि भोसल्यांच्या दौलतीचा विस्तार अशी होते. बंगालच्या स्मृतीत ती एका अंगाईत राहिली. आपल्याकडील ‘बारगीर’, म्हणजे सरकारी घोड्यावर स्वार होणारा शिपाई, तिकडे ‘बर्गी’ झाला. आणि मूल झोपले, आळी शांत झाली की बर्गी येतो, असे सांगत तेथील आया लेकरांना जोजवू लागल्या. पाखरांनी धान्य खाल्ले, आता सारा कशातून भरायचा, ही चिंताही त्याच गाण्यात येते.

या अंगाईतील विरोध साधा नाही. पाळणा आणि घोड्यांच्या टापा समोरासमोर मांडल्या आहेत, एवढेच त्याचे स्वरूप नाही. झोपवण्याची लय आणि भीतीचा मजकूर एकाच आवाजात आहेत; जी शांतता मुलाला हवी तीच घोडेस्वारालाही सोयीची आहे. आणि टापा ऐकू येण्यापूर्वीच कुटुंबाची कणगी रिकामी झालेली आहे. म्हणजे युद्ध येथे रणांगणावर घडतच नाही. ते साऱ्याच्या हप्त्यात घडते. युद्धाचा असा हिशेब बखरकार मांडत नाहीत. तो ज्या बाईला मांडावा लागतो तिचे नाव कोणत्याही दप्तरात नसते.

याच स्वाऱ्यांवर गंगाराम नावाच्या कवीने बंगालीत ‘महाराष्ट्र पुराण’ रचले. त्याच्या हस्तलिखितावरील काळ १७५१ चा आहे. एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मराठीत मात्र या काव्याची चर्चा इतिहाससंशोधकांच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही. काव्य म्हणून ते असमान आहे. त्याची पौराणिक चौकट ठरीव आहे : पृथ्वीला पापाचा भार होतो, शिव नंदीला पाठवतो, नंदी शाहूराजाच्या ठायी संचार करतो. पण बर्गी गावात शिरल्याबरोबर कवी ही चौकट जणू विसरतो आणि पळणारी माणसे पाहू लागतो. पंडित पोथ्यांचे ओझे घेऊन पळतात, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. जातवार यादी देण्याची मंगलकाव्याची पद्धत जुनीच. गंगारामाने तिच्यात प्रत्येकाच्या हातातील साधन ठेवले. पानिपताच्या निरोपाशेजारी ही यादी ठेवून पाहावी. तेथे माणसे नाणी होतात, येथे माणसे आपल्या कामाने ओळखली जातात. सोनाराच्या हातातील तराजू ही तर मोजण्याचीच वस्तू. आणि तो ती घेऊन पळत आहे.

हे काव्य मराठी वाचकाला, विशेषतः नागपूरकराला, अवघड जाते. युद्धविरोधी कवितेची आपली कल्पना अशी की अत्याचारी दूर कोठेतरी असतो आणि आपण बळी असतो किंवा सहानुभूत प्रेक्षक तरी असतो. गंगारामाच्या कवितेत ‘ते’ म्हणजे आपण. या ठिकाणी विरोध वाचकाच्या आतून जातो. मी ज्या हुडकेश्वरला राहतो ते कालपरवापर्यंत नागपूरच्या दक्षिणेचे शेतीवाडीचे गाव होते, आता ते शहरात आले आहे. तेथून उत्तरेला काही किलोमीटरवर सक्करदरा. १६ डिसेंबर १८१७ रोजी त्या परिसरात आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. त्याच्या तीन आठवडे आधी सीताबर्डीची लढाई झाली होती. या दोन लढायांविषयी आम्हाला पुष्कळ सांगता येते. ज्यांचा अंमल गेला त्यांच्या बाजूने ते सांगितले जाते. लढाईच्या वाटेवरील शिवारांचे काय झाले, हा प्रश्न बंगालच्या अंगाईने शिकवला तरच सुचतो.

अर्वाचीन मराठी कवितेला हा वारसा वेगळ्या वाटेने मिळाला, आणि तो अडचणीचा होता. केशवसुतांची ‘तुतारी’ (१८९३), ‘नवा शिपाई’, ‘गोफण’ ही शीर्षकेच पाहा. मानवी समतेचा उद्गार काढण्यासाठी कवीला हत्यारांच्या कोठारात जावे लागले. पुढे कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’पर्यंत (१९४२) ही प्रतिमासृष्टी प्रज्वलित राहिली, आणि पारतंत्र्यात ते स्वाभाविकच होते. गुलामाने शस्त्राची प्रतिमा टाकून द्यावी, असा उपदेश करण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की मराठीत युद्धाला नकार देणाऱ्या कवीकडे तयार शब्दसंपदा नव्हती.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. इंग्रजीत पहिल्या महायुद्धाची कविता लिहिणारे ओवेन आणि ससून स्वतः खंदकात होते. युद्धविरामाच्या एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, ओवेन मारला गेला. त्याच्या अर्ध्यामुर्ध्या जुळणाऱ्या यमकांना जो अधिकार आहे तो साक्षीदाराचा आहे. त्याच युद्धात मेसोपोटेमियाच्या वाळवंटात मराठा पलटणी लढत होत्या, वेढ्यात उपाशी मरत होत्या. पण तेथे गेलेला शिपाई सातारा-रत्नागिरीकडचा शेतकरी होता आणि मराठी कवी पुण्या-मुंबईत, नागपुरात नोकरी करीत होता. साताऱ्याजवळील अपशिंगे हे गाव आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द आजही लावते. त्या शब्दातील अभिमान आणि त्यामागील विधवांची घरे या दोहोंना सामावणारी कविता आमच्या नागर काव्यपरंपरेने लिहिली नाही. लिहिणारा आणि लढणारा यांच्यामध्ये जात आणि वर्ग उभे होते. म्हणून मराठी युद्धविरोधी कवितेला साक्षीचा अधिकार सांगता येत नाही. तिला संबोधनाचा मार्ग घ्यावा लागतो.

हा मार्ग पूर्ण जाणिवेने घेतला तो अनिलांनी. आत्माराम रावजी देशपांडे मूर्तिजापूरचे, ब्रिटिश अमदानीत न्यायखात्यात अधिकारी. त्यांच्या वाङ्मयीन आयुष्याचा मोठा भाग नागपूरशी निगडित. ‘फुलवात’ (१९३२) नंतर ‘भग्नमूर्ती’ (१९४०) आणि त्यानंतर १९४३ मध्ये ‘निर्वासित चिनी मुलास’ ही मुक्तछंदातील दीर्घ कविता त्यांनी प्रसिद्ध केली. तो काळ ध्यानात घ्यावयास हवा. चीनवरील जपानी आक्रमणास सहा वर्षे होत आली होती. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते, कोटणीसांचे ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निधन झाले. इकडे १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी युद्धसहकार्याविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ केला होता, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टी-चिमूरला रक्त सांडले होते. जवळ एवढे घडत असताना सरकारी सेवेतील एका कवीने दूरच्या चिनी पोराला उद्देशून लिहावे, यात काहींना पलायन दिसेल. मला तसे वाटत नाही.

शीर्षकाच्या तीन शब्दांत या कवितेचे सारे प्रतिमाशास्त्र साठवलेले आहे. ‘मुलास’ ही विभक्ती त्या काळच्या कवितेत परिचित होती. फुलास, पक्ष्यास, मित्रास उद्देशून लिहिण्याचा प्रघातच होता. भावकवितेतील या लाडक्या विभक्तीला अनिलांनी बॉम्बहल्ल्यातून पळालेले मूल जोडले. ‘चिनी’ या विशेषणाने त्या मुलाला दूरत्व दिले, तर ‘-स’ या प्रत्ययाने ते जवळ आणले. येथे विरोध फूल आणि तोफ यांच्यात नाही. तो अंतर आणि संबोधन यांच्यात आहे. अगणित खुर्द्यातून एक नाणे उचलून त्याच्याशी बोलावे, तसे हे आहे. आणि ज्याच्याशी आपण बोलतो त्याला नाणे समजणे मग अशक्य होते.

मुक्तछंदाचाही येथे विचार केला पाहिजे. मुक्तछंदावरील त्या काळचा वाद गणमात्रांच्या अंगाने बराच लढवला गेला, त्याच्या श्रोत्याचा विचार कमी झाला. पोवाड्याची लय डफावर चालते. ती श्रोत्यांना एका तालात बांधून त्यांचे ‘आम्ही’ बनवते, आणि ‘आम्ही’ तयार झाले की ‘ते’ आपोआप तयार होतात. मुक्तछंदाची ओळ बोलण्याच्या श्वासाने लांबते-आखडते. तिच्यावर जमावाला ठेका धरता येत नाही. एका मुलाशी बोलण्यास तीच योग्य. अनिलांच्या सर्वच मुक्तछंदास हे लागू पडते असा माझा दावा नाही, त्यात विचारप्रधानतेचा कोरडेपणा येतो ही तक्रारही रास्त आहे. या एका कवितेच्या बाबतीत मात्र वृत्तमुक्तीला नैतिक अर्थ आहे.

पण या कवितेची खरी परीक्षा कवीच्या हातात नव्हती. ती इतिहासाने दोनदा घेतली. प्रथम ‘निर्वासित’ हा शब्द बदलला. १९४३ साली नागपुरी वाचकाला तो वृत्तपत्रातून येणारा, परदेशचा शब्द होता. १९४७ नंतर सिंधी निर्वासित शहराच्या उत्तरेला राहावयास आले. ती वस्ती जरीपटका या नावाने ओळखली जाते. मराठ्यांच्या लढाऊ निशाणाचे नाव, आणि त्याखाली घर सोडून आलेली माणसे : एखाद्या कवीने असा विरोध रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

नंतर ‘चिनी’ हा शब्द बदलला. २० ऑक्टोबर १९६२ नंतर तो मराठीत शत्रुवाचक झाला. व्यासपीठावरून वीररस वाहू लागला आणि अनेक चांगल्या कवींनी आपली लेखणी तात्पुरती ढोलकीसारखी वापरली. त्या रचना आज कोणी काढून वाचत नाही, तेव्हा त्यांची नावे घेण्यात अर्थ नाही. त्याच वेळी आसाम आणि दार्जिलिंगकडील सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना आगगाडीने राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत मुले होती, आणि त्यांपैकी अनेकांचा जन्म भारतातलाच होता. एकोणीस वर्षांपूर्वीच्या शीर्षकाचा पत्ता असा एकाएकी आपल्याच देशात आला. जपानी बॉम्बपासून पळालेल्या मुलाशी बोलणे १९४३ मध्ये सोपे होते असे नाही, पण त्यात वाचकाला काही गमवावे लागत नव्हते. १९६२ मध्ये तीच कविता, एक अक्षर न बदलता, ‘आम्ही’च्या विरुद्ध उभी राहते. समकालीन प्रसंगावरची कविता प्रसंगाबरोबर मरते, असे आपण सरसकट म्हणतो. ही कविता प्रसंग उलटल्यावर अधिक कठीण झाली आणि म्हणून अधिक जिवंत राहिली. तिच्यानंतरच्या ‘पेर्ते व्हा’ (१९४७) या संग्रहाचे नाव पेरणीची आठवण करून देणाऱ्या पावशाच्या हाकेवरून आले आहे. तुतारीच्या जागी पाखराची हाक येण्यास मराठी कवितेला अर्धशतक लागले.

मर्ढेकरांचा मार्ग याच्या अगदी उलट. ओल्या पिंपात मरून पडलेल्या उंदरांची त्यांची कविता, १९४० च्या दशकातील, महायुद्धातील घाऊक मरणाच्या पार्श्वभूमीवर वाचली गेली आणि तसे वाचण्यास जागा आहे. येथे कवी खुर्द्यातून कोणालाही उचलत नाही. सगळा खुर्दाच पिंपात आहे, निनावी, ओला, बीभत्स. चमत्कारिक गोष्ट अशी की विरोधाचे तत्त्व सांगणाऱ्या या कवीने दृश्यात विरोधी प्रतिमा ठेवलेलीच नाही. उंदरांच्या शेजारी फूल नाही, मूल नाही. विरोधाचे दुसरे टोक वाचकाने स्वतःच्या माणूसपणातून पुरवावयाचे आहे, आणि ते पुरवता आले नाही तर कविता केवळ किळस देऊन थांबते. तिच्यावरील आरंभीच्या प्रतिक्रिया पाहता अनेकांच्या बाबतीत तसेच झाले.

नागपूरचेच शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथात, ज्याला १९७९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ‘मानुषता’ हे साहित्याचे मूल्य म्हणून मांडले, ते याच तुटीवरचे उत्तर वाटते. विरोधलय ही रचनेची गोष्ट झाली. कोणत्या माणसासाठी तो विरोध, हा प्रश्न लयतत्त्व विचारीत नाही. त्यांचे वडीलबंधू गजानन माधव यांनी नागपुरातील वास्तव्याच्या आठवणी मुरवून हिंदीत ‘अंधेरे में’ लिहिली. तीत मध्यरात्री निघालेल्या फौजी मिरवणुकीत बँड वाजतो आहे, आणि सेनापतींच्या मागोमाग शहरातील नामवंत पत्रकार, समीक्षक, कवी आणि एक कुप्रसिद्ध मारेकरी चालले आहेत. समीक्षकांना कवीने रांगेत कोठे ठेवले आहे, हे आपण लोकांनी अधूनमधून पाहून घ्यावे.

आता एक गद्य उदाहरण. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धर्मांतर झाले त्या शहरात बसून युद्धाच्या प्रतिमांविषयी लिहिताना ते टाळता येत नाही. शिवाय ज्यांना पलटणीत पहिल्यांदा माणूस म्हणून उभे राहता आले, ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरेगावच्या स्तंभावर मोहोरा-खुर्दा असा भेद न करता कोरली गेली, त्यांना युद्धनिषेध शिकवण्याआधी सवर्ण समीक्षकाने थांबले पाहिजे. डॉ. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात गृहत्यागाची कथा बदललेली आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये आपल्या कीर्तनकारांपासून चित्रकारांपर्यंत सर्वांनी रंगवलेली. आंबेडकरांनी ती गृहत्यागाचे कारण म्हणून नाकारली. त्यांच्या जागी रोहिणी नदी आली. शाक्य आणि कोलिय या दोघांची शेते तिच्या पाण्यावर, पाण्यावरून मारामारी, आणि शाक्यांच्या संघापुढे युद्धाचा ठराव. सिद्धार्थ विरोधात बोलतो आणि ठराव मोठ्या बहुमताने संमत होतो. मग तो सैन्यात जाण्यास नकार देतो आणि परिव्रज्या पत्करतो.

प्रतिमेच्या दृष्टीने ही घडामोड विलक्षण आहे. जुन्या कथेत विरोध राजवाडा आणि प्रेत यांच्यात, म्हणजे सुख आणि मर्त्यता यांच्यात होता. त्यावर उपाय वैराग्याचा. नव्या कथेत विरोध सभेतला आहे, आणि नायक बहुमतात हरलेला आहे. शत्रूच्या शेतालाही तेच पाणी लागते, हे त्याला दिसते. पुढे रानात त्याला कळते की शाक्य आणि कोलियांचा तह झाला. घरी परतण्यास आता हरकत नव्हती. पण त्याच्या मनात दुसरा हिशेब सुरू झालेला असतो : राजांची युद्धे अधूनमधून होतात, माणसामाणसांतल्या वर्गांची मात्र कायम चालू असतात. तो परत फिरत नाही.